कोयत्यावर जाण्याआधी बेडका तपासा

दिवाळी आटोपली की धडगाव, मोलगी, अक्कलकुव्याच्या पाड्यांवरून घरंच्या घरं कामासाठी खाली उतरू लागतात. कुणी बारडोली-सुरतकडच्या साखर कारखान्यांच्या ऊसतोडीला, कुणी सौराष्ट्रात शेतीच्या कामावर, कुणी वीटभट्टीवर, कुणी बांधकामावर. मुकादमाची उचल आधीच खर्चून झालेली असते, त्यामुळे निघायचा दिवस पुढे ढकलणं कुणाच्या हातात नसतं. मधे होळीला चार दिवस घरी यायचं आणि परत जाऊन हंगाम उरकायचा. हा हंगाम साधारण सहा महिन्यांचा. क्षयरोगाचा, म्हणजे आपण सगळे ज्याला टीबी म्हणतो त्याचा, नेहमीचा उपचारही सहा महिन्यांचाच. नंदुरबार जिल्ह्यात या रोगाची मोठी अडचण इथेच आहे. तपासणी फुकट आहे, गोळ्या फुकट आहेत, रोग पूर्ण बरा होतो. पण गोळ्या एका गावात आणि माणूस दुसऱ्या राज्यात, असं झालं की सगळं बिघडतं.

म्हणून हा लेख वाचणाऱ्यानं, मग तो शिक्षक असो, सरपंच असो, बारावी झालेला घरातला एकुलता वाचणारा पोरगा असो, दोन गोष्टी डोक्यात ठेवाव्यात. घरातलं कुणी खोकत असेल तर कामाला निघण्याआधी त्याचा बेडका तपासून घ्यायचा. आणि उपचार सुरू असेल तर माणसाबरोबर त्याची औषधंही निघाली पाहिजेत. बाकीचं सगळं या दोन गोष्टींच्या भोवती आहे.

खोकला कधी मोजायचा

टीबी जंतूमुळे होतो. जर्मन डॉक्टर रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी हा जंतू दाखवून दिला, म्हणून २४ मार्चला जागतिक क्षयरोग दिन पाळतात. टीबी घराण्यातून उतरत नाही, कुणाच्या नजरेनं लागत नाही, देव कोपल्यानंही होत नाही. फुप्फुसाचा टीबी असलेला माणूस खोकतो, शिंकतो, मोठ्यानं बोलतो तेव्हा जंतू हवेत उडतात आणि त्याच बंद खोलीत झोपणाऱ्याच्या श्वासात जातात. तरीही जंतू शरीरात शिरला म्हणजे रोग झालाच असं नाही. शंभर जणांच्या अंगात तो शिरला तर त्यातल्या पाच-दहा जणांनाच आयुष्यात कधी तरी आजार होतो. बाकीच्यांचं शरीर त्याला दाबून ठेवतं. हे दाबून ठेवणं कुणाला जमत नाही? ज्याच्या पोटात पुरेसं अन्न नाही, ज्याला मधुमेह किंवा एचआयव्ही आहे, जो रोज दारू पितो, विडी ओढतो, त्याला. आणि अगदी लहान मुलांना.

दोन आठवडे किंवा त्याहून जास्त खोकला, संध्याकाळी येणारा बारीक ताप, रात्री अंथरूण भिजेल असा घाम, वजन उतरणं, भूक मरणं, छातीत दुखणं, बेडक्यात रक्त: यातलं एक जरी असलं तरी तपासणी करायची. सगळी लक्षणं जुळायची वाट पाहू नका. बेडक्यात रक्त पडेपर्यंत थांबणारे पुष्कळ भेटतात. तोवर घरातल्या लहानग्यांनी तीच हवा कित्येक रात्री श्वासात घेतलेली असते.

शिवाय लक्षणं नसतात असाही टीबी असतो. २०१९ ते २०२१ या काळात देशभर क्षयरोगाचं मोठं सर्वेक्षण झालं. त्यात सापडलेल्या रुग्णांपैकी जवळजवळ ४३ टक्के केवळ छातीचा एक्स-रे काढला म्हणून सापडले. नुसती लक्षणं विचारली असती तर ते सुटले असते. आणि ज्यांना लक्षणं होती त्यांतले ६४ टक्के लोक कुठल्याच दवाखान्यात गेलेले नव्हते. म्हणून गावात एक्स-रेची गाडी किंवा हातात धरायचं यंत्र घेऊन आरोग्य पथक आलं आणि त्यांनी साठीच्या पुढच्यांना, मधुमेह असलेल्यांना, किडकिडीत माणसांना, पूर्वी टीबी झालेल्यांना बोलावलं, तर ‘मला काय झालंय’ म्हणून शेताकडे निघून जाऊ नये.

टीबी फक्त छातीचा नसतो. मानेला गाठी येतात, त्या फुटून वाहतात. जुनी माणसं त्याला गंडमाळ म्हणतात. पाठीच्या कण्याला होतो तेव्हा महिनोन्‌महिने कंबर-पाठ दुखत राहते आणि लोक झंडू बाम चोळत बसतात. पोटाचा, आतड्याचा, गर्भाशयाचा होतो. मूल राहत नाही म्हणून फिरणाऱ्या बाईला कधी कधी तोच असतो. लहान मुलांना मेंदूचा होतो, तो सगळ्यात घातक. मूल गप्प पडून राहतं, ताप उतरत नाही, उलट्या होतात, मान ताठते. अशा वेळी एक रात्रही वाट पाहू नये, १०८ ला फोन करावा. जन्मल्यावर टोचायची बीसीजीची लस नेमकी या अशा जीवघेण्या प्रकारांपासून बाळाला वाचवते. मोठेपणच्या फुप्फुसाच्या टीबीची ती हमी देत नाही.

आपल्याकडे आणखी एक गुंता आहे, तो सिकलसेलचा. जिल्ह्यात सिकलसेलचे रुग्ण पुष्कळ आहेत. धाप, अशक्तपणा, अंगदुखी, मधून मधून ताप हे त्यांच्या पाचवीलाच पुजलेलं. त्यामुळे खोकला सुरू झाला तरी घरातली माणसं ‘हे याचं नेहमीचंच’ म्हणून सोडून देतात आणि कधी कधी डॉक्टरही तसंच समजतो. सिकलसेल असलेल्यालाही टीबी होऊ शकतो. खोकला दोन आठवड्यांच्या वर गेला तर सिकलसेलचं कार्ड दाखवा आणि ‘टीबीसाठीही तपासा’ असं स्वतः म्हणा.

बेडका कसा द्यायचा

कुठे जायचं? जवळच्या उपकेंद्रात, प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात. घरापासून लांब असेल तर आधी आशाताईंना सांगा. त्या डबी आणून देतात आणि नमुना पुढे पोहोचवायची व्यवस्था लावतात. नर्मदेच्या काठच्या, धरणाच्या पाण्यामुळे तुटलेल्या पाड्यांवर तर हाच मार्ग. चिमलखेडीच्या अंगणवाडी सेविका रेलू वसावे २०२० च्या करोनाच्या साथीत स्वतः होडी वल्हवत पाड्यांवरच्या बाळंतिणींपर्यंत आणि बाळांपर्यंत पोहोचत होत्या, हे सगळ्या देशानं वाचलं. बेडक्याची डबी पोहोचवण्यासाठी असं रोज कुणी शौर्य गाजवावं अशी अपेक्षा बरोबर नाही. पण पाड्यावरून बाजाराला जाणाऱ्या जीपमधून ती केंद्रापर्यंत जाऊ शकते, हे आशाताईंशी बोलून ठरवता येतं.

आता खुद्द बेडक्याबद्दल जरा सविस्तर, कारण अर्ध्या तपासण्यांचं नशीब इथेच ठरतं. डबीत पाण्यासारखी लाळ थुंकून दिली तर यंत्र कितीही महागडं असलं तरी त्यात जंतू सापडणार नाही, आणि ‘टीबी नाही’ असा कागद घेऊन माणूस ऊस तोडायला निघून जाईल. हवा आहे तो छातीतून आलेला घट्ट, पिवळसर, चिकट बेडका, साधारण चमचाभर. सकाळी उठल्या उठल्याचा सगळ्यात चांगला, कारण तो रात्रभर साचलेला असतो. आधी साध्या पाण्यानं चूळ भरायची. मशेरी, तंबाखू, चहा बेडका दिल्यानंतर. मग घराबाहेर, उघड्यावर, माणसांपासून दूर उभं राहायचं. दोन-तीन वेळा छाती भरून श्वास घ्यायचा, जरा रोखायचा आणि पोटातून जोर लावून खोकायचं. डबी ओठांशी धरून त्यात सोडायचं, बाहेरच्या बाजूला लागू द्यायचं नाही, झाकण घट्ट लावायचं. बायका हे चारचौघांत करायला लाजतात आणि मग लाळ देतात. त्यांना आडोसा द्या, घाई करू नका. साधारणपणे दोन नमुने घेतात, एक गेल्या गेल्या आणि एक दुसऱ्या दिवशी सकाळचा. नावाचं लेबल डबीच्या अंगावर आहे ना, हे स्वतः पाहा. ते झाकणावर लावलं तर झाकण उघडल्यावर नमुना कुणाचा हेच कळत नाही.

हा नमुना पूर्वी फक्त सूक्ष्मदर्शकाखाली पाहत. अजूनही पाहतात, पण त्यात जंतू भरपूर असतील तरच दिसतात. आता सीबीनॅट आणि ट्रूनॅट ही यंत्रं आहेत. ट्रूनॅट आपल्या शेजारच्या गोव्यात तयार झालेलं आहे. बॅटरीवर चालतं, त्यामुळे वीज जाणाऱ्या छोट्या केंद्रातही ठेवता येतं. ही यंत्रं जंतूचा जनुकीय अंश शोधतात, थोडे जंतू असले तरी पकडतात, निकाल काही तासांत देतात आणि रिफाम्पिसिन या मुख्य औषधाला जंतू दाद देणार की नाही तेही सांगतात. म्हणून ‘सूक्ष्मदर्शकात काही नाही’ असं उत्तर आलं आणि खोकला मात्र थांबत नसेल, तर मशीनवरची तपासणी आणि एक्स-रे मागून घ्या. बेडका न देऊ शकणाऱ्या लहान मुलाच्या जठरातलं पाणी काढून तपासतात, गाठीतून सुईनं नमुना घेतात, पाठीसाठी एमआरआय लागतो. या तपासण्यांसाठी नंदुरबारला जिल्हा रुग्णालयात जावं लागेल.

टीबी निघाला की सगळ्या रुग्णांची एचआयव्ही आणि साखरेची तपासणी होते. कुणावर संशय घेऊन ती करत नाहीत. तिन्ही आजार एकमेकांचे सोबती आहेत म्हणून करतात.

खोकल्यावर कुठेही सुई-सलाईन लावून घ्यायची सवय मात्र सोडली पाहिजे. सलाईनमध्ये पाणी आणि मीठ-साखर असते. त्यानं दोन दिवस तरतरी येते आणि पाचशे रुपये जातात. त्याहून वाईट म्हणजे काही ताकदीच्या प्रतिजैविक गोळ्या टीबीलाही थोडा वेळ दाबतात. खोकला कमी होतो, तपासणीत जंतू सापडत नाही आणि महिन्याभरानं रोग दुप्पट जोरानं वर येतो. भगताकडे जायचं असेल तर जा, अंगारा लावा, कोंबडं द्या; ती आपली रीत आहे, तिच्याशी भांडून कुणी दवाखान्यात आलेलं नाही. पण त्याच दिवशी बेडक्याची डबीही भरा. पुष्कळ भगत हे ऐकतात, आणि समजावलं तर तेच माणसाला दवाखान्यात पाठवतात.

खासगी डॉक्टरकडे निदान झालं तरी हरकत नाही. २०१२ पासून प्रत्येक डॉक्टरनं टीबीच्या रुग्णाची नोंद शासनाला कळवणं बंधनकारक आहे. नोंद झाली की ‘निक्षय’ या शासनाच्या टीबी नोंदणीतला आयडी मिळतो. खासगीकडे उपचार घेणाऱ्यालाही शासनाच्या गोळ्या आणि आहाराचे पैसे मिळू शकतात. डॉक्टरांना विचारा, माझी निक्षयवर नोंद झाली का? हा नंबर पुढे फार कामाला येतो.

सहा महिन्यांच्या गोळ्या

आनंदीबाई जोशी अमेरिकेतून डॉक्टर होऊन परतल्या आणि १८८७ च्या फेब्रुवारीत पुण्यात क्षयानं गेल्या, वयाची बावीस वर्षं पूर्ण व्हायच्या आत. जंतू सापडून पाच वर्षं झाली होती. त्याच्यावर औषध मिळायला मात्र जवळजवळ सहा दशकं लागायची होती. तेव्हा श्रीमंतालाही हवापालट आणि दूध-अंडी याखेरीज काही नव्हतं. आज मोलगीच्या रुग्णाला जी गोळी फुकट मिळते, ती त्या काळी राजाच्या पोरालाही मिळाली नसती.

पहिले दोन महिने चार औषधं एकत्र असलेल्या गोळ्या: आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन, पायराझिनामाइड, इथॅम्बुटॉल. पुढचे चार महिने पायराझिनामाइड सोडून तीन. रोज, एकाच वेळेला, शक्यतो सकाळी रिकाम्या पोटी. मळमळत असेल तर थोडं खाऊन घेतल्या तरी चालतं. किती गोळ्या ते वजनावर ठरतं, म्हणून दर महिन्याला वजन करून घ्या. वजन वाढलं तर गोळ्याही वाढू शकतात, त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

इतका लांब उपचार का, असं सगळेच विचारतात. साध्या जुलाबाचा जंतू वीस-तीस मिनिटांत दुप्पट होतो, टीबीच्या जंतूला त्यासाठी जवळजवळ एक अख्खा दिवस लागतो. तो मंद आहे, काही जंतू तर झोपून राहतात, आणि औषध जागा असलेल्या जंतूला पटकन मारतं. महिन्याभरात खोकला जातो, भूक लागते, वजन वाढतं, माणूस परत कुदळ हातात घेतो. नेमकं याच टप्प्यावर गोळ्या सुटतात. उरलेले जंतू मग औषधाला सरावतात आणि त्यातून औषधांना दाद न देणारा टीबी तयार होतो. त्याच्या गोळ्या वेगळ्या, त्रास जास्त. पूर्वी त्याला दीड-दोन वर्षं लागायची. २०२४ मध्ये केंद्र शासनानं सहा महिन्यांचा नवा उपचार मंजूर केला आहे, तो पात्र रुग्णांना मिळतो. पण हे संकट ओढवून घ्यायचंच कशाला?

गोळ्या सुरू झाल्या की लघवी लाल-केशरी होते. पहिल्याच दिवशी हे सांगितलं नाही तर माणूस घाबरून गोळ्या फेकून देतो. तो औषधाचा रंग आहे, रक्त नव्हे. पायाला मुंग्या, आग, सांधे दुखणं, थोडी मळमळ, हे सांगितलं तर सोबत दुसरी गोळी देऊन आटोक्यात येतं. त्यासाठी टीबीच्या गोळ्या बंद करायच्या नाहीत. मात्र दोन गोष्टींत थांबायचं: डोळे पिवळे होऊन सारख्या उलट्या होऊ लागल्या, किंवा नजर धूसर होऊन लाल-हिरवा रंग ओळखेना झाला, तर गोळ्या थांबवून त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. पुढे कोणत्या आणि कधी सुरू करायच्या हे डॉक्टर ठरवतील.

दारूचं बोललंच पाहिजे. या गोळ्यांतली तीन औषधं यकृतावर भार टाकतात आणि मोहाची दारू त्यात भर घालते. सहा महिने दारू बंद ठेवायची, हे खरं. पण होळीत कुणी प्यालाच, तर दुसऱ्या दिवशी ‘काल प्यायलो, आज गोळी नको’ हा हिशोब करू नये. गोळी घ्यायची आणि आशाताईंना खरं सांगायचं. एखाद्या दिवशी गोळी चुकली तर दुसऱ्या दिवशी दुप्पट घेऊ नये, नेहमीचीच घ्यावी. महिनाभर सुटली असेल तर स्वतःच्या मनानं परत सुरू न करता पुन्हा तपासणी करून घ्यावी.

गर्भवतीला आणि अंगावर पाजणाऱ्या आईलाही हा उपचार देता येतो. पाजणं सोडायचं नाही. मात्र रिफाम्पिसिनमुळे गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम कमी होतो, तेव्हा त्या काळात दुसरं साधन वापरावं. हे बाईला कुणी सांगत नाही. सांगायला हवं.

हद्दीपलीकडे

नवापूरचं रेल्वे स्टेशन अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातमध्ये आहे. फलाटावर एका टोकाला उभा माणूस एका राज्यात, दुसऱ्या टोकाचा दुसऱ्या. टीबीचा उपचारही असाच दोन राज्यांत पाय ठेवून चालू शकतो, फक्त आधी सांगावं लागतं. निक्षयची नोंद साऱ्या देशात एकच असते. तिच्या आधारे सुरत, तापी, भरूच, भावनगर, कुठल्याही जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात पुढच्या गोळ्या मिळतात.

कामाला निघायच्या निदान आठवडाभर आधी आशाताईंना किंवा आरोग्य केंद्रात सांगा: आम्ही अमुक तालुक्यात, अमुक कारखान्याच्या पडावावर जाणार, परत कधी येणार, सोबत कोणाचा फोन आहे. तालुक्याच्या क्षयरोग पथकातले उपचार पर्यवेक्षक तुमची नोंद तिकडे पाठवतात आणि तोवर पुरतील इतक्या गोळ्या हातात देतात. मुकादमाचा फोन नंबर लिहून द्यायला विसरू नका, कारण पडावावर शोधायचं तर गावाच्या नावानं कुणी सापडत नाही, मुकादमाच्या नावानं सापडतं. उपचाराचं कार्ड आणि निक्षय नंबर फोनमध्ये फोटो काढून ठेवा. कार्ड पावसात भिजतं, झोपडीत जळतं, नंबर राहतो. वाटेत काही अडलं तर १८००-११-६६६६ हा टीबीचा मोफत क्रमांक आहे, त्यावर विचारा.

मुकादमाला सांगावं की नाही? काम जाईल ही भीती खोटी नाही. उचल घेतलेल्या माणसाला आजारी म्हणून परत पाठवलं तर कर्ज डोक्यावर बसतं. तरी माझं मत असं की सांगावं, आणि शक्य असेल तर दवाखान्यातल्या माणसाकडून सांगून घ्यावं. औषध नीट सुरू होऊन साधारण दोन-तीन आठवडे झाले की रुग्णाकडून संसर्ग पसरण्याचं प्रमाण झपाट्यानं घसरतं. गोळ्या घेणारा माणूस त्या पडावावर धोक्याचा नाही. निदान न झालेला, रात्रभर खोकणारा शेजारचा माणूस धोक्याचा आहे. मुकादमाला हे पटलं तर तो आपल्या टोळीतल्या सगळ्यांची तपासणी करून घेईल, कारण एक कोयता, म्हणजे तोडणीची एक जोडी, कमी झाला तर नुकसान त्याचंही आहे.

पहिले दोन महिने मात्र गावीच काढता आले तर फार उत्तम. चार औषधांचे हे दिवस, अंगात ताकद नाही, त्रास होण्याची शक्यता याच काळात जास्त. घरातला दुसरा कुणी कामाला जाऊ शकत असेल तर रुग्णाला मागे ठेवा. हे लिहिणं सोपं आहे, करणं अवघड, हे ठाऊक आहे. कोयता जोडीचा असतो, एकटा माणूस कोयता होत नाही.

भाकरी, डाळ आणि पैसे

टीबी आणि भूक एकमेकांना खेचून आणतात, हे आता नुसतं तोंडचं बोलणं राहिलेलं नाही. झारखंडमध्ये रुग्णांच्या घरच्या माणसांवर एक मोठा अभ्यास झाला, २०२३ मध्ये तो ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. काही घरांत फक्त रुग्णाला शिधा दिला, काही घरांत घरातल्या सगळ्यांना. ज्या घरांत सगळ्यांना शिधा मिळाला, तिथे नवा टीबी होण्याचं प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी झालं. लशीशिवाय, टीबीच्या गोळीशिवाय, पोषणानं. रुग्णाचं वजन पहिल्या दोन महिन्यांत वाढलं तर मृत्यूचा धोकाही बराच घटतो, हेही त्याच अभ्यासात दिसलं. झारखंडचे ते पाडे आणि सातपुड्याचे पाडे यांत फार फरक नाही.

सुका मेवा आणायची गरज नाही. उडदाची किंवा तुरीची डाळ रोज, अंडं मिळेल तेव्हा, सुकट, मासे, शेंगदाणे, ज्वारी-मक्याची भाकरी, भगर, पालेभाज्या. नेहमीपेक्षा भाकरी एक जास्त आणि डाळ घट्ट. ‘टीबीत आंबट नको, केळं नको, दही नको’ हे जे पथ्य गावोगाव सांगतात, त्यात काही तथ्य नाही. पथ्याच्या नावाखाली रुग्णाचं आहे ते जेवण तोडू नका.

निक्षय पोषण योजनेत उपचार चालेपर्यंत दरमहा एक हजार रुपये मिळतात. नोव्हेंबर २०२४ पर्यंत ते पाचशे होते. पैसे थेट बँक खात्यात जातात, आणि इथेच अडतं. खातं बंद पडलेलं, आधारशी न जोडलेलं, नावात एक अक्षर इकडचं तिकडं. देशातलं पहिलं आधार कार्ड २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच शहादा तालुक्यातल्या टेंभलीत दिलं गेलं, आणि त्याच जिल्ह्यात आधार-बँकेच्या गाठीपायी रुग्णाचे पैसे अडावेत, हे काही बरं नाही. उपचार सुरू झाला त्याच आठवड्यात पासबुक घेऊन बँकेत जाऊन खातं चालू आहे का ते पाहा. रुग्णाला चालवत नसेल तर गावातल्या शिकलेल्या पोरानं एवढं काम अंगावर घ्यावं. आदिवासी भागातल्या रुग्णाला प्रवासासाठी वेगळी मदत मिळते, तीही विचारून घ्या. शिवाय ‘निक्षय मित्र’ म्हणून कुणी संस्था, पतसंस्था, शिक्षक मंडळी रुग्णाला शिध्याची पिशवी देऊ शकतात. ती देताना रुग्णाला मधे उभं करून फोटो काढू नये, एवढी लाज राखावी.

घरच्यांचं काय

रुग्ण सापडला की त्याच घरात झोपणाऱ्या सगळ्यांची तपासणी करायची. ज्यांना टीबी नाही, त्यांनाही तो पुढे होऊ नये म्हणून गोळ्या मिळतात: कुणाला सहा महिने रोज, कुणाला आठवड्यातून एकदा अशा बारा आठवडे. पाच वर्षांच्या आतल्या मुलांना तर त्या द्यायलाच हव्यात. धडधाकट पोराला औषध का, असं आजीबाई विचारतात. उत्तर एवढंच, की त्याच्या फुप्फुसात जंतू झोपलेला असू शकतो आणि तो उठायच्या आत मारलेला बरा.

भांडी वेगळी करू नका. ताट-वाटीतून, कपड्यातून, हात लावण्यातून टीबी पसरत नाही. रुग्णाला घराबाहेर ठेवायचीही गरज नाही. मद्रासमध्ये १९५६ पासून याचा पक्का अभ्यास झालेला आहे: काही रुग्णांना सॅनिटोरियममध्ये ठेवलं, काहींना दाटीवाटीच्या घरी ठेवूनच औषध दिलं. घरी राहिलेलेही तितकेच बरे झाले आणि त्यांच्या घरच्यांना टीबी जास्त प्रमाणात झाला नाही. साऱ्या जगानं त्यानंतर रुग्णाला घरी ठेवून उपचार करायला सुरुवात केली. घरात करायचं ते एवढंच: पहिले काही आठवडे रुग्णानं उजेड-वारा असलेल्या जागी, शक्य तर ओटीवर झोपावं, खोकताना तोंडावर रुमाल किंवा पदर धरावा, झाकणाच्या डब्यात थुंकून ते जाळावं किंवा पुरावं. कुडाच्या भिंतींतून वारा खेळतो, ते चांगलंच आहे. प्लास्टिकचा कागद ओढून बंद केलेल्या झोपडीत चुलीच्या धुरासकट सगळे कोंडून झोपतात, ते वाईट.

सुनेला टीबी निघाला की माहेरी पाठवून द्यायचं, हे मात्र घडतं. मुलीचं लग्न मोडेल म्हणून तपासणी लपवणं, हेही. बरी झालेली मुलगी बरीच असते; ती लग्न करू शकते, तिला मुलं होतात. पंचायतीत बसणाऱ्या जाणत्या माणसांनी हे एकदा चारचौघांत मोठ्यानं म्हटलं, तर कुठल्याही भिंतीवरच्या चित्रापेक्षा त्याचा उपयोग जास्त होईल.

दोन महिन्यांनी आणि शेवटी पुन्हा बेडका तपासतात. ‘आता बेडका येतच नाही’ म्हणून ही तपासणी टाळू नये, सकाळी प्रयत्न करून बघावा. उपचार संपला, डॉक्टरांनी बरा झाला असं लिहून दिलं, तरी पुढची दोन वर्षं दर सहा महिन्यांनी एकदा तपासून घ्यायचं असतं. त्या काळात पुन्हा ऊसतोडीला गेलात तर जिथे असाल तिथल्या सरकारी दवाखान्यात जुना निक्षय नंबर सांगा, ते तपासतात.